दुखण्याची गोळी आणि म्हातारपणची आठवण



वसंतातल्या व्याख्यानमालेत इतिहास म्हटला म्हणजे गोंडराजे, नागपूरकर भोसले, नाही तर आपल्या मार्कंड्याची देवळे, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. आम्ही मात्र आज एका गोळीचा इतिहास सांगणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. कॉलेजचा उंबरठा आम्ही ओलांडला तो कामगारांची सभा घेण्यापुरता. आमचे शिक्षण हजेरीपटावर झाले आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा जे सांगू ते औषध म्हणून घेऊ नये, इतिहास म्हणून घ्यावे.

हा विषय आम्ही शोधायला गेलो नाही. आमच्या युनियनच्या कचेरीत पेन्शनच्या कागदांसाठी जी म्हातारी माणसे येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या खिशात गोळ्यांची पट्टी असते. रोवणीच्या चिखलात चाळीस पावसाळे वाकलेल्या बाया, तेंदूपत्त्याचे पुडे बांधून बोटे आखडलेली माणसे, आष्टीच्या आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्यांत, चांद्याकडच्या कोळशाच्या खाणींत राबलेली माणसे. गुडघा, कंबर, खांदा यांपैकी काही तरी प्रत्येकाचे दुखतेच. चिठ्ठीवाचून दुकानात गोळी मिळते, ती घेतली की दिवस निघतो. २०२५ साली युरोपातल्या एका अभ्यासाची बातमी वर्तमानपत्रांतून फिरली आणि या मंडळींच्या कानावर अशी आली, की दुखण्याची गोळी वर्षानुवर्षे खाणाऱ्याची बुद्धी म्हातारपणी शाबूत राहते. मग मागणी आली: युनियनने ही गोळी सर्व निवृत्तांना फुकट मिळवून द्यावी. मागणी करण्याआधी मागणीचा माल तपासावा, ही आमची जुनी सवय. म्हणून हे वाचन झाले.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. ज्यांना आपण दुखण्याच्या गोळ्या म्हणतो, त्यांतल्या पुष्कळशा गोळ्या खरे तर सूज उतरवणाऱ्या आहेत. ग्रंथांतून त्यांना दाहशामक म्हणतात. ॲस्पिरिन, आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही त्या घराण्यातली नावे. तापाची साधी पॅरासिटामॉल या घराण्यातली नाही. दुखणे आणि ताप ती उतरवते, सुजेवर मात्र तिचा जोर चालत नाही. रोमच्या सेल्सस नावाच्या ग्रंथकाराने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सुजेची चार लक्षणे लिहून ठेवली: लाली, उष्णता, फुगवटा आणि ठणका. आपल्याकडे सुश्रुताने व्रणाच्या शोथाचा विचार केलेलाच आहे. आणि आपल्या आजीने ग्रंथ न वाचता निरगुडीचा पाला गरम करून गुडघ्यावर बांधला, मोहाच्या टोरीचे तेल चोळले, हळदीचा लेप दिला. अमेरिकेत १९९५ साली एका विद्यापीठाने हळदीने जखम भरते याचे पेटंट मिळवले. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे टाकून १९९७ साली ते रद्द करवले. हे आम्ही नेहमी सांगतो, कारण दिल्लीच्या सरकारी कचेरीने आजीची बाजू घेऊन खटला जिंकल्याची उदाहरणे फार नाहीत.

गोळीचा जन्म मात्र एका झाडाच्या सालीतून झाला. नदीकाठी वाढणारे वाळुंज आपल्या महाराष्ट्रातही आहे. त्याचे विलायती भाऊबंद इंग्लंडात पाणथळ जागी वाढतात. चिपिंग नॉर्टन गावच्या एडवर्ड स्टोन नावाच्या पाद्र्याने ती साल चाखली, ती सिंकोन्यासारखी कडू लागली, म्हणून त्याने ती वाळवून, कुटून सुमारे ५० हिवतापाच्या रोग्यांना दिली आणि १७६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. १८२८ साली म्युनिकच्या बुखनरने सालीतले कडू सत्त्व वेगळे काढले. डंडीच्या मॅक्लागन डॉक्टरने १८७४ साली ते सांधेज्वराच्या रोग्यांना देऊन पाहिले आणि सूज, ताप, ठणका तिन्ही उतरलेले पाहिले. पुढे सालीचीही गरज उरली नाही. डांबरातून निघणाऱ्या द्रव्यांपासून तेच आम्ल कारखान्यात होऊ लागले.

इथे एक गोष्ट कामगार म्हणून आमच्या नजरेत भरली. ॲस्पिरिन काढणारी बायर ही जर्मन कंपनी मुळात कापडाचे रंग करणारी. १८९७ च्या ऑगस्टात फेलिक्स हॉफमन या तिच्या रसायनज्ञाने शुद्ध द्रव्य तयार केले, १८९९ साली त्याला ॲस्पिरिन हे नाव मिळाले. पुस्तकांत हॉफमनचे नाव राहिले. पण त्याच कारखान्यातल्या आर्थर आयखेनग्र्युन या दुसऱ्या रसायनज्ञाने १९४९ साली लिहून सांगितले, की काम माझ्या सूचनेवरून झाले होते. हा माणूस ज्यू होता, हिटलरच्या राजवटीत तेरेझिएनश्टाटच्या छावणीत डांबला गेला होता, आणि तिथून जिवंत सुटून आल्यावर त्याला हे लिहिता आले. त्याचा दावा खरा धरावा असे म्हणणारे इतिहासकार आहेत, कंपनीने तो नाकारला. श्रेय कोणाच्या नावे पडते हा प्रश्न कारखान्यात केवळ मजुरीपुरता नसतो.

रंगांच्या याच रसायनशास्त्रातून आणखी एक पदार्थ निघाला आणि त्याचा आपल्या या मुलखाशी फार जवळचा संबंध आहे. १९०८ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या फ्रॉम आणि विटमान या दोघांनी डॅप्सोन नावाचे द्रव्य तयार केले. त्याचा औषधी उपयोग कोणाच्या ध्यानी आला नाही. जवळजवळ तीस वर्षे ते बाटलीत पडून राहिले. १९३७ साली इंग्लंड व फ्रान्समध्ये ते जंतूंवर चालते असे दिसले. १९४१ साली अमेरिकेतल्या कारव्हिलच्या कुष्ठालयात फॅजेट डॉक्टरांनी त्याच्याच जातीचे प्रोमिन हे औषध शिरेतून देऊन पाहिले, आणि हजारो वर्षांत प्रथमच कुष्ठरोग औषधाने मागे हटला. मूळ डॅप्सोन फार विषारी म्हणून बाजूला पडले होते. ते अल्प मात्रेत देता येते हे दाखवण्याचे बरेचसे श्रेय मद्रासकडच्या चिंगलपेट येथे १९४६ च्या सुमारास काम करणाऱ्या रॉबर्ट कॉक्रेन यांना जाते. शिरेतल्या महाग सुईची जागा पैशा-दोन पैशांच्या गोळीने घेतली.

आता आपल्याकडे पाहा. मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढले ते १९३६ साली; तेव्हा हातात चौलमोगऱ्याचे तेल आणि सेवा याखेरीज काही नव्हते. बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती १९४९ ची आणि वरोऱ्याचे आनंदवन १९५१ चे. म्हणजे आनंदवनाच्या खडकाळ जमिनीत पहिली कुदळ पडली, त्याच सुमारास ही गोळी हिंदुस्थानात पसरू लागली होती. बाबांचे माणूसपण मोठे होतेच, पण गोळी नसती तर रोग्याच्या हातात कुदळ देणे इतके सोपे झाले नसते, हेही नोंदले पाहिजे. त्याच १९५१ साली वर्ध्यास गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले. त्याचे डॉ. वारदेकर यांनी रोग्याला आश्रमात आणण्याऐवजी गोळी घेऊन रोग्याच्या गावात जाण्याची पद्धत बसवली: घरोघर पाहणी, समजूत आणि औषध. १९५५ साली सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो याच वाटेने. चांदा जिल्हा तेव्हा एकच होता; गडचिरोली वेगळी झाली २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधे एकत्र देण्याची नवी रीत सांगितली, कारण एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले होते. तोपर्यंतची तीसेक वर्षे आपल्या खेड्यापाड्यांतल्या हजारो माणसांनी ही पांढरी गोळी पाच पाच, दहा दहा वर्षे, काहींनी जन्मभर खाल्ली. २००५ च्या अखेरीस देशाच्या हिशेबात कुष्ठरोग दहा हजारांत एकाच्या खाली आला असे जाहीर झाले. देशाची सरासरी आणि चंद्रपूर-गडचिरोलीचे वास्तव यांत नेहमीच अंतर राहिले आहे. आपल्याकडे नवे रोगी त्यानंतरही निघत राहिले.

हे सगळे कशासाठी सांगितले? डॅप्सोन केवळ जंतू मारत नाही, ते सूजही उतरवते. कुष्ठरोगाशी संबंध नसलेल्या त्वचेच्या काही दाहरोगांवर डॉक्टर ते देतात. आणि म्हातारपणची आठवण व दाहशामक औषध यांची सांगड घालणाऱ्या पहिल्या पुराव्यांपैकी एक पुरावा कुष्ठरोग्यांकडून आला.

त्याआधी आठवण जाण्याच्या रोगाविषयी थोडे. साठी बुद्धी नाठी, असे म्हणून आपण मोकळे होतो. मराठीत ही म्हण फार सोयीची ठरली आहे, तिने कित्येक घरांत डॉक्टरचा खर्च वाचवला. वस्तुतः वयाने येणारा विसराळूपणा निराळा आणि रोगाने जाणारी स्मृती निराळी. चश्मा कोठे ठेवला हे विसरणे हे वय. चश्मा कशासाठी असतो हे विसरणे हा रोग. फ्रांकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात १९०१ साली आउगुस्ट डेटर नावाची पन्नाशीची बाई आली. तिला नाव लिहायला सांगितले तर अर्ध्यावर थांबे. आलोइस अल्झायमर या डॉक्टरने तिची विचारपूस लिहून ठेवली आणि १९०६ साली ती वारल्यावर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर किटणासारखे थर आणि पेशींच्या आत धाग्यांच्या गाठी त्याला दिसल्या. त्या नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या सभेत त्याने हे मांडले तेव्हा सभेत कोणी एक प्रश्नही विचारला नाही असे सांगतात. १९१० साली त्याचे वरिष्ठ क्रेपेलिन यांनी रोगाला त्याचे नाव दिले. आता भारतात साठीपुढच्या शंभरांत सात-साडेसात माणसांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून निघाला. पुरुषांपेक्षा बायांत, शहरापेक्षा खेड्यात आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत प्रमाण अधिक. म्हणजे रोवणीची बाई तिन्ही कोष्टकांत सापडली.

मेंदूत सूज येते का, हा प्रश्न फार वर्षे कोणी विचारला नाही. मेंदूतल्या रखवालदार पेशी स्पेनच्या रिओ-ओर्तेगाने १९१९ सालीच दाखवल्या होत्या. घाण झाली की तिकडे धावायचे, गिळून टाकायचे, हे त्यांचे काम. पुढे स्पेनच्या यादवीत या शास्त्रज्ञाला देश सोडावा लागला आणि तो अर्जेंटिनात वारला. कॅनडातल्या व्हँकुव्हरचे पॅट्रिक आणि ईडिथ मॅकगियर हे दांपत्य १९८० च्या दशकात अल्झायमरच्या मेंदूंचे काप पाहत होते. किटणाच्या थरांभोवती हे रखवालदार गोळा झालेले, चेतलेले त्यांना दिसले. त्यांनी तर्क केला: आग विझवायला आलेले लोकच घर जाळीत असतील तर? मग त्यांना शांत करणारे औषध वर्षानुवर्षे खाणाऱ्यांना हा रोग कमी होत असला पाहिजे. संधिवाताचे रोगी अशा गोळ्या जन्मभर खातात; आणि खरोखरच त्यांच्यात अल्झायमर कमी दिसतो, असे त्यांनी १९९० च्या सुमारास मांडले. हे मॅकगियर मोठे अजब गृहस्थ. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकात कॅनडाकडून बास्केटबॉल खेळलेले, पुढे प्रांताच्या विधानसभेत निवडून आलेले आणि मंत्री झालेले. ते २०२२ साली वारले.

संधिवाताच्या रोग्यांखेरीज आणखी कोण वर्षानुवर्षे दाहशामक खातो? कुष्ठरोगी. मॅकगियर यांनी जपानी डॉक्टरांच्या साह्याने जपानच्या कुष्ठालयांतल्या साडेतीन हजारांहून अधिक म्हाताऱ्यांची माहिती गोळा केली. १९९२ साली प्रसिद्ध झाले ते असे: सतत डॅप्सोन किंवा त्याच्या जातीचे औषध घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश शंभरी तीनच्या आसपास, औषध बंद केलेल्यांत शंभरी सहाहून थोडा अधिक. निम्म्याचा फरक. जगभर चर्चा झाली.

आम्ही मात्र या आकड्यांपाशी वेगळ्या कारणाने थांबलो. साडेतीन हजार म्हातारे कुष्ठरोगी एका देशात एवढ्या सोयीने मोजायला सापडले कसे? कारण ते कोंडलेले होते. जपानने १९०७ पासून कुष्ठरोग्यांना समाजाबाहेर काढण्याचे कायदे केले, १९५३ साली, औषध हाती आल्यानंतरही, कोंडण्याचा कायदा नव्याने केला आणि तो रद्द झाला थेट १९९६ साली. लग्न करायचे तर नसबंदी करून घ्यावी लागे. २००१ च्या मे महिन्यात कुमामोतोच्या न्यायालयाने सरकारला दोषी धरून भरपाई द्यायला लावली. आणि हेही ऐकावे: ज्या औषधाचे आकडे पुढे जगाने वाचले, ते औषध या रोग्यांना दानात मिळालेले नव्हते. १९४८ च्या अखेरीस तोक्योजवळच्या झेन्शोएन कुष्ठालयातल्या रोग्यांनी प्रोमिनसाठी आंदोलन उभारले, उपोषणापर्यंत गोष्ट गेली, तेव्हा सरकारने अंदाजपत्रकात पैसा घातला. १९५१ साली त्यांनी देशभरच्या कुष्ठालयांची मिळून एक संघटनाच बांधली. झडलेल्या बोटांची माणसे वर्गणीच्या पावत्या फाडीत होती. पन्नाशी उलटलेल्या आमच्यासारख्या संघटकाला यापुढे बोलायला जागा उरत नाही.

असो. आकडा खरा होता का? पुढे जपानी संशोधकांनीच तो पुन्हा तपासला, तेव्हा १९९० चे दशक संपेपर्यंत तो फरक टिकला नाही. पण संधिवाताची बाजू जोरात होती. १९९३ साली अमेरिकेत इंडोमेथासिन देऊन छोटा प्रयोग झाला. आशा दिसली, पण पोटाच्या त्रासाने बरेच जण अर्ध्यावर गळाले. मग २००१ साली हॉलंडच्या रॉटरडॅम शहरातली मोठी पाहणी आली. ५५ च्या पुढची ६,९८९ माणसे, सरासरी जवळजवळ सात वर्षे. औषधांच्या दुकानांच्या नोंदींवरून कोणी किती गोळ्या नेल्या याचा हिशेब. २९३ जणांना अल्झायमर झाला. दोन वर्षांहून अधिक काळ दाहशामक घेणाऱ्यांत त्याचा संभव ८० टक्क्यांनी कमी. ऐंशी टक्के! औषध कंपन्यांचे डोळे चमकले नसते तरच नवल.

पाहणी ही पाहणी असते. खरी परीक्षा तेव्हा, जेव्हा चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना औषध आणि अर्ध्यांना त्याच रंगाची रिकामी गोळी दिली जाते आणि कोणाला काय दिले हे ना रोग्याला ठाऊक ना डॉक्टरला. तशा परीक्षा झाल्या. २००३ साली ३५१ रोग्यांवर, वर्षभर, दोन वेगवेगळी दाहशामके: रोग रेसभरही मंदावला नाही. विसराळूपणा नुकता सुरू झालेल्या १,४५७ जणांना रोफेकॉक्सिब दिले. २००५ साली निकाल लागला, तो असा की औषधवाल्यांत दर वर्षी शंभरी ६.४ जणांना अल्झायमर झाला आणि रिकाम्या गोळीवाल्यांत ४.५ जणांना. अगदी निरोगी पण घरात रोगाचा इतिहास असलेल्या सत्तरीपुढच्या २,५२८ जणांवर २००१ साली अमेरिकेत मोठा प्रयोग सुरू झाला. २००४ च्या डिसेंबरात तो मध्येच थांबवावा लागला, कारण या जातीच्या औषधांनी हृदयाला धोका होतो असे दुसरीकडे उघड झाले होते. रोफेकॉक्सिब त्याच वर्षी ३० सप्टेंबरला कंपनीने जगभरच्या बाजारातून मागे घेतले होते. ज्यांनी गोळी घेतली त्यांची बुद्धी अधिक टिकली असे त्या प्रयोगात काही निघाले नाही. शेवटी ॲस्पिरिन. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी वृद्धांना जवळजवळ पाच वर्षे रोज १०० मिलिग्रॅम किंवा रिकामी गोळी दिली. २०१८ पासून निकाल आले: स्मृतिभ्रंशात फरक नाही, मोठा रक्तस्राव मात्र ३८ टक्क्यांनी अधिक.

मग रॉटरडॅमचे ऐंशी टक्के गेले कोठे? ही गाठ सुटायला आम्हांला बराच वेळ लागला, आणि ती सुटली ती आमच्या कचेरीतल्या अनुभवानेच. ज्याची स्मृती जायला लागते तो माणूस दुखते म्हणून सांगायचेही कमी करतो. तो दुकानात जात नाही, चिठ्ठी हरवतो, गोळी घेतली की नाही हे विसरतो. अल्झायमर उघड दिसण्याआधी दहा-पंधरा वर्षे आतून पोखरत असतो. तेव्हा गोळी खाणारा शाबूत राहिला, की शाबूत होता म्हणून गोळी खाऊ शकला, हे दुकानाच्या वहीवरून कळत नाही. सभासदांची वर्गणी नियमित येते म्हणून युनियन बळकट, की युनियन बळकट म्हणून वर्गणी येते? वही दोन्हीकडे सारखीच दिसते.

आता २०२५ ची ती बातमी. तीही रॉटरडॅमचीच, त्याच पाहणीचा पुढचा भाग. माणसे ११,७४५, काळ सरासरी साडेचौदा वर्षे, स्मृतिभ्रंश झालेले २,०९१. दोन वर्षांहून अधिक काळ दाहशामक घेणाऱ्यांत धोका १२ टक्क्यांनी कमी. ऐंशीचे बारा झाले, हे बातमीत आले नाही. थोडा काळ घेणाऱ्यांत धोका किंचित जास्तच दिसला, आणि एकूण किती गोळ्या पोटात गेल्या याचा रोगाशी काही संबंध दिसला नाही, हेही आले नाही. स्मृती राखण्यासाठी ही औषधे खावीत असे त्या संशोधकांनीही म्हटलेले नाही. धोके जास्त आहेत असेच त्यांचे मत. काळ मात्र महत्त्वाचा असावा, सूज फार आधी, चाळिशी-पन्नाशीत शांत करावी लागत असेल, हा तर्क अजून जिवंत आहे. तो शास्त्रज्ञांनी लढवावा. तोवर कोणाच्या गुडघ्यांवर लढवू नये.

धोक्यांविषयी आपल्या तालुक्याला वेगळा पुरावा द्यायला नको, कारण तो आपल्या आभाळात होता. गिधाडे आठवतात ना? गाव-गुरे मेली की तासाभरात थवा उतरायचा. मग ती दिसेनाशी झाली. देशात पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारातले एक उरले इतकी घटली. कारण २००४ साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून कळले: गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक. मेलेल्या गुराच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात गेले की मूत्रपिंडे बंद पडून पक्षी काही दिवसांत मरतो. २००६ साली गुरांसाठी ते बंद झाले. माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात, म्हणून २०१५ साली बाटलीचा आकारही कमी केला गेला. गडचिरोलीच्या वनविभागाने आपल्या कुनघाड्याकडे आणि जिल्ह्यात इतरत्र गिधाडांसाठी तपासलेली मेलेली गुरे ठेवण्याच्या जागा केल्या. लोक थट्टेने त्याला गिधाडांची खानावळ म्हणू लागले. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही, हे खरे. पण म्हातारा माणूस, उन्हाळ्याचे काम, पाणी कमी, त्यात रक्तदाबाची गोळी चालू, आणि वर रोज डायक्लोफेनॅक, हा मेळ मूत्रपिंडाला जड जातो. पोटात व्रण पडून काळी शौचास होणे, रक्तदाब चढणे, हेही त्याच पट्टीतून येते. सांधेवाताच्या खऱ्या रोग्याला डॉक्टरने मोजून दिलेली गोळी हा वेगळा विषय. तिला आम्ही हात लावत नाही.

तेव्हा फुकट गोळ्यांची मागणी आम्ही पुढे नेली नाही. मार्कंडेयाला सोळाच वर्षांचे आयुष्य होते, त्याने शिवाला मिठी मारून यमाला परत लावले आणि चिरंजीव झाला, ही कथा आपण महाशिवरात्रीच्या जत्रेत ऐकतो. चिरंजीवाच्या गुडघ्यांचे पुढे काय झाले हे पुराणकार सांगत नाहीत. ती जबाबदारी आमच्यासारख्यांवर आली आहे.

मागणी दुसरीच निघाली, आणि तीही आकड्यांतूनच निघाली. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे मोजली; ती सगळी दूर करता आली तर जवळजवळ ४५ टक्के रोग टळेल किंवा लांबेल असा त्यांचा हिशेब. यादीत दाहशामक गोळी नाही. लहानपणी शाळा न मिळणे आहे, रक्तदाब आहे, साखर आहे, तंबाखू आणि दारू आहे, डोक्याला मार, धूर, एकटेपणा, न दिसणे आहे. आणि सर्वांत वजनदार कारणांत आहे ऐकू न येणे. हे वाचून आम्ही चमकलो. कागदाच्या कारखान्यात लाकूड चिरणाऱ्या यंत्रांपाशी, खाणीत ड्रिलपाशी तीस वर्षे उभा राहिलेला माणूस बहिरा होतो, हे आम्हांला ठाऊक होते. त्याला आपण थट्टेचा विषय करतो, तो हळूहळू बोलेनासा होतो, सभेला येईनासा होतो, आणि मग घरचे म्हणतात, म्हातारा भ्रमिष्ट झाला. १९४८ च्या कारखाना कायद्यात १९८७ साली जी रोगांची यादी बसवली गेली, तीत आवाजाने येणारा बहिरेपणा स्पष्ट लिहिलेला होता. नोंद किती झाल्या, हे आमच्या भागातल्या कोणत्याही जुन्या कामगाराला विचारावे.

कानाचे यंत्र लावून स्मृती वाचते का, याचीही चिठ्ठ्या टाकून परीक्षा झाली आहे. अमेरिकेतल्या ९७७ वृद्धांवर तीन वर्षे. निकाल २०२३ चा. सर्वांचा मिळून हिशेब केला तर फरक पडला नाही. पण ज्यांना आधीच रक्तदाब, साखर, कमी शिक्षण, एकटेपणा असे धोके अधिक होते, त्या गटात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. आमचे सभासद कोणत्या गटात बसतात हे सांगायला नको. वर्षातून एकदा कानाची तपासणी, रक्तदाब आणि साखर, गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात, ज्यांना कानाचे यंत्र लागेल त्यांना यंत्र, आणि आवाजाच्या कामावर असणाऱ्यांना कामावर असतानाच कानांची झाकणे: एवढे चार ओळींचे निवेदन तयार आहे. व्याख्यान संपल्यावर ते दाराशी टेबलावर ठेवले आहे. ज्यांना पटेल त्यांनी सही करावी, ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी शाईची डबी आहे.